दवाखान्यात पेशंटला पाहायला जाताना

निघण्याआधी फोन करा, पण पेशंटला नाही. त्याच्याजवळ थांबलेल्या माणसाला. आज येऊ का, भेटायची वेळ आणि पास कसा आहे, खायला काय चालतं, एवढंच विचारा. नागपुरातली मोठी सरकारी हॉस्पिटलं घ्या: मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स, सगळीकडचे नियम वेगळे, त्यातही वॉर्डावॉर्डात फरक. गावाहून गाडी भरून आला असाल तर दोघांनीच वर जावं, बाकीच्यांनी खालीच थांबावं. धंतोलीत, म्हणजे खासगी दवाखान्यांच्या भागात, गाडी कडेला घुसवून ठेवली की ॲम्ब्युलन्स अडकते; मेट्रोने काँग्रेसनगरला उतरलेलं बरं.

सर्दी, खोकला, ताप असेल किंवा डोळे आले असतील तर जाऊच नका. जुलाब-उलट्या थांबून 48 तास झाल्याशिवायही नाही. लहान मुलांना घरी ठेवा. मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हातून आलात तर आधी खाली पाच मिनिटं बसा, घाम पुसा, पाणी प्या.

आत शिरताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा हात स्वच्छ करा. सॅनिटायझर तळहातभर घ्यायचं आणि वाळेपर्यंत, म्हणजे 20 ते 30 सेकंद, चोळायचं. अंगठे आणि नखांची टोकं हमखास सुटतात. पेशंटला जुलाब होत असतील तर साबण-पाणीच वापरा, 40 ते 60 सेकंद, कारण जुलाबाचे काही जंतू सॅनिटायझरने मरत नाहीत.

पलंगावर बसू नका, खुर्ची घ्या. पलंगावर बसलं की नळ्या ओढल्या जातात. हाडांच्या वॉर्डात पायाला वजन लटकवलेलं असतं, त्याला धक्का लागू देऊ नका. लघवीची पिशवी नेहमी पेशंटच्या कमरेच्या खाली लटकलेली हवी. अडचण होते म्हणून कुणी ती उचलून गादीवर ठेवतं. मग लघवी उलटी मूत्राशयात जाते आणि जंतुसंसर्ग होतो. सलाईन हळू चाललंय म्हणून नळीवरच्या चाकाला हात लावू नका. नळीत रक्त चढलेलं दिसलं तर सिस्टरला हाक मारा. ऑक्सिजन सुरू असेल तिथे उदबत्ती, दिवा, काडेपेटी अजिबात नको.

आता खाण्याचं. घोळ बहुतेक इथेच होतो. नागपुरात संत्र्यांची पिशवी घेतल्याशिवाय पाय निघत नाही, पण किडनीच्या पेशंटला संत्री आणि नारळपाणी दोन्ही घातक ठरू शकतात: त्यातलं पोटॅशियम किडनी बाहेर टाकू शकत नाही, ते रक्तात वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. डायलिसिसवाल्याला पाणीसुद्धा मोजून असतं. शुगर असलेल्याला संत्राबर्फी नको, हे सांगायला नको (तरी येतेच!). ऑपरेशनआधी साधारण सहा तास अन्न आणि दोन तास पाणी बंद असतं. टेकडीच्या गणपतीचा पेढा एक घासभर दिला तरी ऑपरेशन पुढे जाऊ शकतं, कारण भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जाण्याची भीती असते. लकवा झालेल्याला चमचाभर तीर्थही विचारल्याशिवाय देऊ नका. गिळता येत नसेल तर ते श्वासनळीत उतरतं. प्रसाद घरच्यांच्या हातात द्या. अंगारा जखमेजवळ किंवा सुईजवळ नको. कॅन्सरची केमो सुरू असलेल्यांना फुलं आणि न धुतलेली फळं नेऊ नका.

दहा-पंधरा मिनिटं पुरेत. पेशंट डोळे मिटू लागला, हो-नाहीवर आला, की उठा. "आमच्या साळ्यालाही हेच झालं होतं, तो गेला," हे वाक्य पलंगापाशी किती सहज निघतं! रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर बदलायचा सल्ला देणंही तसलंच. पोटाचे टाके ताजे असतील तर हसवूसुद्धा नका, कळ येते. बाळंतिणीकडे गेलात तर बाळाचा मुका घेऊ नका आणि ते मागूनही घेऊ नका. आईने दिलं तरच घ्या, तेही हात धुऊन.

जवळ थांबलेल्या माणसाची मात्र चौकशी करा. "काही लागलं तर सांगा" म्हटलं की कुणीच सांगत नाही. "मी दोनपासून पाचपर्यंत बसतो, तुम्ही घरी जाऊन आंघोळ करून या," असं सांगा. पोळी-भाजीचा डबा न्यायचा तर परत न करावा लागेल असा न्या. डिस्चार्जच्या दिवशी कुणी फिरकत नाही, आणि नेमके त्याच दिवशी बिल, फाईल, विम्याची मंजुरी यात तासन्‌तास जातात. एक जण काउंटरवर अडकला की दुसरा पेशंटजवळ लागतोच.