कडुलिंबाच्या साबणावरची बुरशी कशी थांबली

सोप बेसमध्ये, म्हणजे वितळवून साच्यात ओतायच्या तयार साबणात, कडुलिंब-तुळशीचा ताजा रस घातला की वड्या सुरुवातीला झकास दिसायच्या, मग कडेला काळे ठिपके आणि कुबट वास. जंतुनाशक साबणालाच बुरशी! गोम रसातल्या पाण्यात आणि चोथ्यात होती. आता पानं सावलीत चुरा होईपर्यंत वाळवते, खोबरेलात अगदी मंद आचेवर दोनेक तास ठेवते आणि मलमलीतून गाळते. किलोभर बेसला हे तेल दोन चमचेच. जास्त झालं की फेस बसतो. वडी हिरवीगार राहत नाही, कारण उजेडात आणि हवेत हरितद्रव्य टिकत नाही. वेष्टनावर ‘जंतुनाशक’ मात्र लिहीत नाही. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय तो दावा पोकळच.