डिस्कपार्ट: स्टार कुठे आहे ते बघा, मगच एंटर दाबा

विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडून माउसने पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) पाडता येतं. पण पेनड्राइव्हवर जुन्या लिनक्सची तीन तुकडे झालेली पार्टिशनं असली, ‘डिलीट व्हॉल्यूम’ राखाडी होऊन बसलं असलं किंवा विंडोज टाकताना सेटअपच डिस्क घ्यायला तयार नसला, की माउस हात टेकतो. तिथे डिस्कपार्ट लागतं, म्हणजे कमांड टाइप करून डिस्कचे भाग पाडायचं आणि पुसायचं टूल. ते विंडोजसोबतच येतं, वेगळं डाउनलोड नाही.

खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी स्पेलिंग आणि इंग्रजी आकडे वापरा.

स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधा, राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ घ्या आणि ‘डिस्कपार्ट’ टाका. विंडोज टाकण्याच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं असेल, तर पहिल्या स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ१० दाबलं की हीच काळी खिडकी येते. मात्र तिथे ड्राइव्हची अक्षरं नेहमीसारखी नसतात. तुमचा सी तिथे डी म्हणून दिसू शकतो.

डिस्कपार्टची रीत अशी, की आधी निवडायचं आणि मग हुकूम सोडायचा. हुकमात डिस्कचं नाव नसतं. जे निवडलेलं आहे त्यावरच तो चालतो. बहुतेक अपघात इथेच होतात. म्हणून सुरुवात नेहमी अशी:

लिस्ट डिस्क
सिलेक्ट डिस्क १
लिस्ट डिस्क

दुसऱ्यांदा यादी मागायची ती मुद्दाम. आता ती अशी दिसेल:

  डिस्क ०   ऑनलाइन   ४७६ जीबी      ० बी        *
* डिस्क १   ऑनलाइन   ९३१ जीबी   ९३१ जीबी

डावीकडचा स्टार म्हणजे निवडलेली डिस्क. उजवीकडच्या रकान्यातला स्टार वेगळा, तो डिस्क जीपीटी (पार्टिशनचा तक्ता लिहिण्याची नवी पद्धत) असल्याची खूण. दोन्हींची गल्लत करू नका. आकारही ओळखीचे करून घ्या: १ टीबीची डिस्क इथे ९३१ जीबी दिसते आणि ५१२ ची ४७६. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४ च्या.

‘डिस्क ० म्हणजे विंडोजची’ हे गृहीत धरू नका. दुसरी डिस्क जोडली की क्रमांक बदलू शकतात. शंका असेल तर ‘डिटेल डिस्क’ टाका. मॉडेलचं नाव आणि त्या डिस्कवरचे व्हॉल्यूम (फॉरमॅट करून वापरात असलेले भाग, जसा सी) दिसतील. आणखी एक छुपा खड्डा आहे: ‘सिलेक्ट व्हॉल्यूम’ केलं की तो व्हॉल्यूम ज्या डिस्कवर आहे तीही आपोआप निवडली जाते. मधेच असं काही केलं असेल, तर पुढच्या कमांडआधी पुन्हा यादी बघा.

आता नवीन १ टीबी डिस्कचे दोन भाग करू. २०० जीबी कामासाठी, उरलेली साठवणीला.

क्लीन
कन्व्हर्ट जीपीटी
क्रिएट पार्टिशन प्रायमरी साइझ=२०४८००
फॉरमॅट एफएस=एनटीएफएस लेबल=काम क्विक
असाइन लेटर=एफ
क्रिएट पार्टिशन प्रायमरी
फॉरमॅट एफएस=एनटीएफएस लेबल=साठा क्विक
असाइन लेटर=जी

‘क्लीन’ कुठलाही प्रश्न विचारत नाही. एंटर दाबलं की पार्टिशनचा तक्ता गेला. साइझ एमबीमध्ये द्यायची, म्हणून २०० गुणिले १०२४. साइझ नाही दिली तर उरलेली सगळी जागा घेतली जाते. दुसऱ्या पार्टिशनला तेच हवंय. नवं पार्टिशन तयार झालं की तेच निवडलेलं राहतं, म्हणून मधे सिलेक्ट करावं लागत नाही. फॉरमॅट आधी आणि अक्षर नंतर, हा क्रम पाळा. उलट केलं तर एक्सप्लोरर मधेच ‘डिस्क फॉरमॅट करा’ अशी खिडकी उघडून बसतो.

‘क्विक’ विसरलात तर विंडोज सगळी जागा शून्याने भरत बसतं, आणि फिरत्या डिस्कवर १ टीबीला तास जातात. वापरलेली डिस्क विकायची असेल तर मात्र तो वेळ द्यावाच. पूर्ण डिस्कसाठी त्याची कमांड ‘क्लीन ऑल’.

एमबीआर ही तक्ता लिहिण्याची जुनी पद्धत आता फक्त जुन्या मशीनसाठी. त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जातो आणि सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणून २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. प्रायमरी पार्टिशनंही चारच. ‘कन्व्हर्ट’ रिकाम्या डिस्कवरच चालतं. विंडोज असलेली डिस्क डेटा न घालवता बदलायची असेल तर एमबीआर२जीपीटी हे वेगळं टूल आहे.

सी ड्राइव्ह लहान करायचा तर:

सिलेक्ट व्हॉल्यूम सी
श्रिंक क्वेरीमॅक्स
श्रिंक डिझायर्ड=५११००

क्वेरीमॅक्स आधी बघा, किती जागा सुटेल ते कळतं. डिझायर्ड न देता नुसतं ‘श्रिंक’ टाकलं तर शक्य तितकी सगळी जागा काढली जाते. शंभर जीबी मोकळे असून क्वेरीमॅक्स दहाच दाखवतो, ही नेहमीची तक्रार. मधे कुठेतरी न हलणारी फाइल ठाण मांडून असते: हायबरनेशनची, पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती) किंवा रिस्टोअर पॉइंट. डिस्कपार्टबाहेर ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ टाकून हायबरनेशन बंद करा, पेजफाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन तात्पुरतं बंद करा, मशीन रीस्टार्ट करा आणि मग परत विचारा.

वाढवणं जास्त किचकट. ‘एक्स्टेंड’ला मोकळी जागा त्याच पार्टिशनला लागून, त्याच्या उजवीकडे हवी. डिस्कपार्ट पार्टिशन सरकवत नाही, त्यामुळे डावीकडच्या मोकळ्या जागेचा उपयोग शून्य. आणि सीच्या उजवीकडे बहुधा काही शे एमबीचं रिकव्हरी पार्टिशन (विंडोज बिघडलं की दुरुस्तीला लागणारं) दार अडवून उभं असतं. ते काढायचं तर आधी डिस्कपार्टबाहेर:

रीएजंटसी /इन्फो
रीएजंटसी /डिसेबल

इन्फोमध्ये रिकव्हरी कितव्या डिस्कच्या कितव्या पार्टिशनवर आहे ते दिसतं, तो आकडा लिहून घ्या. मग डिस्कपार्टमध्ये ती डिस्क निवडा, ‘लिस्ट पार्टिशन’ करा, लिहून घेतलेल्या क्रमांकाचं पार्टिशन निवडा आणि ‘डिलीट पार्टिशन ओव्हरराइड’. याच यादीत १०० एमबीच्या आसपासचं ‘सिस्टिम’ नावाचं पार्टिशन असतं. त्यात बूटच्या फाइली असतात. चुकून ते उडालं तर मशीन विंडोजपर्यंत पोचणारच नाही. नंतर ‘सिलेक्ट व्हॉल्यूम सी’, ‘एक्स्टेंड’, बाहेर येऊन ‘रीएजंटसी /एनेबल’.

सीवर बिटलॉकर (ड्राइव्ह एन्क्रिप्ट करणारं विंडोजचं कुलूप) चालू असेल तर हे शेवटचं पाऊल अडतं, कारण रिकव्हरी एन्क्रिप्ट केलेल्या ड्राइव्हवर ठेवता येत नाही. तेव्हा ‘एक्स्टेंड’ला थोडी कमी साइझ देऊन शेवटी १ जीबी मोकळी ठेवा आणि तिथे नवं रिकव्हरी पार्टिशन करा. त्याला लागणारा लांबलचक ओळख-क्रमांक मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमधून कॉपी करा, हाताने टाइप करू नका. बिटलॉकरची रिकव्हरी की मात्र पहिल्या कमांडच्या आधीच दुसरीकडे उतरवून ठेवा.

पेनड्राइव्ह ‘राइट प्रोटेक्टेड’ म्हणत असेल तर ‘ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली’. मेमरी कार्ड असेल तर ॲडॉप्टरच्या कडेचं लॉक आधी बघा. एवढ्यानेही तोच एरर येत असेल तर चिप आयुष्य संपून स्वतःच लॉक झालेली असू शकते. त्यावर कमांड नाही, डेटा उतरवून घ्या आणि नवा आणा. ‘क्लीन’ला ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं तर त्या ड्राइव्हची उघडी खिडकी बंद करून पुन्हा चालवा, बऱ्याचदा दुसऱ्या खेपेला जमतं.

आणि चुकीच्या डिस्कवर ‘क्लीन’ झालंच, तर तिथेच हात थांबवा. नवं पार्टिशन नको, फॉरमॅट नको. साध्या ‘क्लीन’ने तक्ता जातो, आतला डेटा बहुतांशी जागेवर असतो. टेस्टडिस्क हे मोफत टूल डिस्क चाळून जुनी पार्टिशनं शोधतं आणि तक्ता परत लिहून देतं. वर फॉरमॅटही झाला असेल आणि डिस्क एसएसडी असेल तर आशा फारच कमी: फॉरमॅट करताना विंडोज ट्रिमचा, म्हणजे ‘ही जागा आता रिकामी’ असा, निरोप धाडतं आणि एसएसडी ते ब्लॉक स्वतःच पुसून टाकते.