फिश टँकच्या फिल्टरला तेल-ग्रीस लावताय? आधी या चुका टाळा

कॅनिस्टर फिल्टर (टँकच्या बाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) साफ करून परत लावताना झाकण बसत नाही, ओ-रिंग म्हणजे झाकणाखालचं रबरी कडं कोरडं पडलेलं असतं, नळीवरचा बॉल व्हॉल्व्ह (पाणी चालू-बंद करायची चावी) जाम झालेला असतो आणि मग घरात जे हाताला लागेल ते लावलं जातं. खोबरेल, व्हॅसलीन, शिलाई मशीनचं तेल, काहीजण तर भांडी घासायचं लिक्विडसुद्धा लावतात. त्या दिवशी झाकण मस्त बसतं, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही. आठवड्याभराने पाण्यावर तवंग दिसतो नाहीतर दोन-तीन महिन्यांनी ओ-रिंग फुगून खाचेच्या बाहेर येते, तेव्हा वाटतं फिल्टरच खराब निघाला.

एक गोष्ट पहिल्यांदा पक्की करून घ्या, ग्रीस हे गळती बंद करायला नसतं. पाणी अडवायचं काम रबराचं, ते दबून फट भरतं. ग्रीसचं काम एवढंच की रबर बसताना पिळवटू नये, घासू नये आणि पुढच्या वेळी झाकण निघावं. हे समजलं की किती लावायचं आणि काय लावायचं हे दोन्ही प्रश्न बरेचसे सुटतात.

व्हॅसलीन चालतं का?

यावर कायम वाद होतो, कारण दोन्ही बाजूंचा अनुभव खरा असतो. व्हॅसलीन म्हणजे पेट्रोलियम जेली. तुमची ओ-रिंग नायट्राईल रबरची असेल तर तिला पेट्रोलियमचा फारसा त्रास होत नाही, म्हणून कोणीतरी छातीठोकपणे सांगतो की मी वर्षानुवर्षं लावतोय, काही झालं नाही. पण तीच ओ-रिंग ईपीडीएम किंवा नैसर्गिक रबरची असेल तर पेट्रोलियम त्यात मुरतं, रबर फुगतं, मऊ पडतं आणि मग ते खाचेत मावतच नाही. गंमत अशी की नायट्राईल आणि ईपीडीएम दोन्ही बहुतेक वेळा काळेच असतात, नुसतं बघून ओळखता येत नाही आणि फिल्टरच्या खोक्यावर कोणी लिहीतही नाही. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, रबर कुठलं ते माहीत नसेल तर व्हॅसलीन लावू नका.

डब्ल्यूडी ४०, मशीनचं तेल, गाडीचं ग्रीस हे सगळं त्याच पेट्रोलियमच्या घरातलं, वर त्यात सॉल्व्हंट किंवा बाकीची केमिकल्स असू शकतात. रबराचं नुकसान तर आहेच, शिवाय काही तेलं आणि सॉल्व्हंट एबीएस, ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेटसारख्या प्लास्टिकला बारीक तडे पाडतात, ते लगेच दिसत नाहीत पण क्लिपचा ताण आला की तिथूनच तुटतं. आणि बोल्टवर लावतात ते तांब्याचं अँटी-सीझ ग्रीस तर टँकच्या आसपाससुद्धा आणू नका, तांबं झिंग्यांना, गोगलगायींना आणि कोरलला अगदी थोडंसंही घातक असतं.

खाण्याचं तेल म्हणजे सेफ, असं नाही

आपण खातो मग माशाला काय होणार, हा विचार चुकीचा आहे. खोबरेल असो की गोडेतेल, ते हळूहळू खवट होतं, चिकट होतं, त्यात कचरा अडकतो. सुटून वर आलं की पाण्याच्या पृष्ठभागावर पातळ थर धरतं आणि हवेतला ऑक्सिजन पाण्यात जायची वाटच अडते, पहाटे मासे वर येऊन तोंड मारताना दिसतात त्यामागे कधीकधी हे असतं. समुद्री टँक असेल तर अजून एक, तेलाचा अंश गेला की प्रोटीन स्किमरचा (फेस करून पाण्यातली घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचा) फेस बसतो आणि लोक पंप बदलत बसतात.

साबण आणि भांड्याचं लिक्विड मात्र सगळ्यात वाईट. नळी नोझलवर चढत नाही म्हणून थोडासा फेस लावायचा, पाईपवाले सर्रास करतात, पण साबणातले घटक माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर आणि कल्ले खराब करतात, आणि आपल्याला वाटतं थोडंच तर लावलंय. त्यापेक्षा नळीचं टोक गरम पाण्यात मिनिटभर बुडवा, मऊ पडते, टँकच्याच पाण्याने ओली करून फिरवत चढवा. तेल लागतच नाही.

मग लावायचं काय

शुद्ध सिलिकॉन ग्रीस. स्प्रे नाही, ग्रीसच, कारण स्प्रेमध्ये सॉल्व्हंट आणि गॅस असतो. आरओ फिल्टरचे पार्ट विकणाऱ्या दुकानात छोट्या डबीत किंवा ट्यूबमध्ये मिळतं, आरओच्या हाउसिंगच्या (फिल्टर बसतो त्या डब्याच्या) ओ-रिंगला तेच लावतात. ट्यूबवर फूड ग्रेड आहे का बघा. एनएसएफ ६१ म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या संपर्कात चालणाऱ्या मालाचं स्टँडर्ड, ते लिहिलेलं असेल तर उत्तमच, मॉलीकोट १११ त्यातलंच एक. नुसतं 'प्लंबर ग्रीस' लिहिलेलं उचलू नका, त्यात पेट्रोलियम असू शकतं. घटक लिहिलेच नसतील तर ती डबी परत ठेवा.

इथे एक अपवाद आहे जो बरेच जण विसरतात, ओ-रिंग किंवा गॅस्केट (झाकणाखालची सपाट रबरी पट्टी) स्वतःच सिलिकॉन रबरचं असेल तर सिलिकॉन ग्रीस त्याला फुगवू शकतं. हे रबर बहुतेकदा अर्धपारदर्शक, पांढरट किंवा लालसर असतं. अशाला नुसतं टँकचं पाणी लावून बसवा, पुरतं.

शंका असेल तर जुन्या ओ-रिंगचा तुकडा कापा, ग्रीस फासून आठवडाभर झाकून ठेवा, मग पुसून नवीनच्या शेजारी धरा. जाड झाला, लिबलिबीत झाला तर ते ग्रीस तुमच्या फिल्टरसाठी नाही.

लावताना बोटांवर मटाराच्या दाण्याच्याही निम्मं पुरे, रबर चकाकलं की झालं, पांढरा गोळा दिसला तर जास्त झालंय, पुसून काढा.

सिलिकॉन ग्रीस आणि सिलिकॉन सीलंट वेगळं

दुकानात नुसतं 'सिलिकॉन द्या' म्हटलं की काच चिकटवायची ट्यूब हातात येते. ती वाळून घट्ट होते. ओ-रिंगला लावली तर पुढच्या सर्व्हिसला झाकण निघणार नाही, ओढलं तर क्लिप तुटेल. त्यातही बाथरूमसाठीच्या काही ट्यूबमध्ये बुरशी मारणारं औषध असतं, ते टँकला चालत नाही. उलट बाजूने पण लक्षात ठेवा, ज्या जागी नंतर सीलंट किंवा पाईप चिकटवायचं सोल्यूशन लावायचंय तिथे ग्रीसचं बोट लागू देऊ नका, जोड धरणारच नाही.

आटे असलेल्या जोडाला ग्रीस नको, टेफ्लॉन टेप गुंडाळा. प्लंबरला बोलावलंत तर आधीच सांगा की सफेदा (आट्यांवर लावायची पांढरी पेस्ट) आणि सुतळी वापरायची नाही, सफेद्यात शिशाचे किंवा जस्ताचे क्षार असू शकतात. प्लास्टिकच्या आट्यावर टेपचे थर वाढवून पाना जोरात मारला तरी चिरतं, हाताने आवळून थोडंसंच पुढे.

इम्पेलर आवाज करतोय म्हणून ग्रीस?

अजिबात नको. इम्पेलर म्हणजे फिल्टरच्या मोटरमधला पाणी ढकलणारा छोटा पंखा, तो पाण्यावरच फिरतो, ग्रीस लावलं तर वाळूचे कण चिकटून दांडी घासते. आवाज येतो तो आत हवा अडकल्यामुळे नाहीतर क्षार चढल्यामुळे. बोअरचं पाणी असलेल्या घरात तर हे ठरलेलंच, इम्पेलर काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर ठेवा, ब्रशने घासा, भरपूर धुवा.

चुकीचं काही गेलंच असेल तर

तेलाचा तवंग असेल तर साधा टिश्यू पेपर पाण्यावर आडवा टाकून उचला, असं चार-पाच वेळा, मग एअर पंप वाढवा आणि फिल्टरमध्ये नवीन ॲक्टिव्हेटेड कार्बन (घाण शोषणारा कोळसा) टाका. साबण गेला असेल तर वाट बघू नका, मासे दुसऱ्या पाण्यात हलवा नाहीतर लगेच मोठं पाणी बदला, अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) टाकून आणि तापमान जुळवून. ओ-रिंग आणि तिची खाच कोमट पाण्याने पुसा, फुगलेली असेल तर ती नवीनच आणा, ती परत पहिल्यासारखी होईल या भरवशावर राहू नका.

आणि नवीन ओ-रिंग, योग्य ग्रीस, सगळं करूनही थेंब पडत असतील तर ग्रीस वाढवू नका. खाचेत वाळूचा कण, माशाच्या खाद्याचा चुरा किंवा केस अडकलाय का ते नख फिरवून बघा, झाकणाच्या सगळ्या क्लिप एकसारख्या बसल्यात का बघा. मग फिल्टर ट्रेमध्ये कोरड्या वर्तमानपत्रावर उभा करून रात्रभर चालू ठेवा, सकाळी कागदावर ओला डाग ज्या बाजूला असेल त्याच बाजूची क्लिप आणि खाच परत उघडून तपासा.