दोन मुक्कामांत व्हेनिस कसे पाहावे

युरोपच्या सहलीवर निघालेल्या मराठी कुटुंबाच्या कार्यक्रमात व्हेनिसच्या वाट्याला बहुधा चार-पाच तासच येतात. बस मुख्य भूमीवरचा लांबलचक पूल ओलांडून धक्क्याला लागते, मोटारबोट मंडळींना सान मार्कोच्या चौकापाशी उतरवते, काचकामाचे प्रात्यक्षिक आणि गोंडोलाची अर्ध्या तासाची फेरी उरकते आणि ऊन कलण्याच्या आत सगळे पुन्हा बसमध्ये असतात. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत चौकात माणसांखेरीज काही दिसत नाही, आणि सहली नेमक्या त्याच वेळेत येतात. म्हणून स्वतः आखणी करून जाणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे की, स्थळांची यादी कमी करावी, पण दोन रात्री बेटांवरच काढाव्यात. पहाटे आणि रात्री हे शहर जसे भेटते, तसे दिवसा भेटत नाही.

मुख्य भूमीवरच्या मेस्त्रे या उपनगरात खोल्या स्वस्त मिळतात आणि तेथून रेल्वेने जेमतेम दहा मिनिटे लागतात, या हिशेबाने पहिल्या खेपेस आम्ही तेथेच उतरलो होतो. पैसे वाचले, पण दोन्ही संध्याकाळी घड्याळाकडे पाहत परतावे लागले. खोली लहान आणि थोडी महाग असली तरी चालेल, पण ती कान्नारेजो किंवा दोर्सोदूरो या पेठांत घ्यावी. तेथे अजून वस्ती आहे आणि सकाळी मुले दप्तरे घेऊन शाळेत जाताना दिसतात. आरक्षण करताना रेल्वे स्थानकापासून किंवा बोटीच्या थांब्यापासून खोलीपर्यंत वाटेत किती पूल लागतात, हे यजमानाला अवश्य विचारावे. येथील बहुतेक सर्व पुलांना पायऱ्या आहेत आणि चाकांची मोठी बॅग प्रत्येक पुलावर उचलूनच न्यावी लागते. 2024 पासून शहराने वर्षातील काही ठरावीक दिवशी केवळ दिवसापुरते येणाऱ्यांवर प्रवेशशुल्क बसवले आहे. मुक्कामी पाहुण्यांना ते माफ असले, तरी त्या दिवसांसाठी संकेतस्थळावर नोंद करून सवलतीचा पुरावा फोनमध्ये ठेवणे आवश्यक असते. आपल्या तारखा त्या यादीत आहेत का, हे आधीच पाहून घ्यावे.

शहर 118 बेटांवर वसलेले आहे, त्यांना जोडणारे पूल चारशेहून अधिक आहेत आणि गावात मोटार, रिक्षा किंवा सायकल काहीही चालत नाही. सहा पेठा आहेत आणि घरांचे क्रमांक रस्त्यावार नसून पेठेवार दिलेले आहेत, त्यामुळे नुसता पेठेचा क्रमांक हाती असून घर सापडत नाही; जवळच्या चर्चचे किंवा चौकाचे नावही लिहून घ्यावे. भिंतींवर रंगवलेल्या पाट्या वाचता याव्यात म्हणून चार-पाच शब्द पाठ केले की चालणे सोपे होते. काले म्हणजे बोळ, काम्पो म्हणजे चौक, रिओ म्हणजे लहान कालवा, फोंदामेन्ता म्हणजे कालव्याच्या काठाने जाणारी वाट आणि रिओ तेरा म्हणजे बुजवून रस्ता केलेला कालवा. पिवळ्या पाट्यांवरचे बाण रिआल्तो, सान मार्को आणि रेल्वे स्थानक यांची दिशा दाखवतात. अरुंद बोळांत फोनवरचा नकाशा अनेकदा गोंधळतो. अशा वेळी या बाणांवर विश्वास ठेवावा.

पहिल्या दिवशी शक्यतो दुपारी उशिरा पोहोचावे आणि सान्ता लुचिया स्थानकावर उतरावे. स्थानकाच्या दाराबाहेर रस्ता नाही, रुंद पायऱ्या आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी थेट मोठा कालवा आहे. सामान खोलीवर टाकून अंधार पडण्याच्या तासभर आधी पुन्हा तेथे यावे आणि वापोरेत्तोची, म्हणजे सार्वजनिक बोटीची, 1 क्रमांकाची फेरी धरावी. ही बोट प्रत्येक थांबा घेते आणि सुमारे 3.8 किलोमीटरचा मोठा कालवा पार करून सान मार्कोला पोहोचायला तिला पाऊण तासाच्या आसपास लागतो. एकेरी तिकीट 9.50 युरोंचे असून ते 75 मिनिटे चालते. तीन किंवा अधिक फेऱ्या करायच्या असतील तर 24 तासांचा पास परवडतो. आत शिरताना तिकीट यंत्राला टेकवायला विसरू नये आणि जागा उघड्या भागातच धरावी.

उजवीकडे प्रथम तुर्की व्यापाऱ्यांची वखार लागते. मग डावीकडे का दोरो हा दगडी जाळीकामाचा वाडा येतो, त्यानंतर उजवीकडे बाजाराचे धक्के, आणि रिआल्तोच्या पुलाला लागून डावीकडे जर्मन व्यापाऱ्यांची वखार. मलबारची मिरी अलेक्झांड्रियाच्या वाटेने या धक्क्यांवर येई आणि येथून आल्प्सपलीकडे जाई. या वाड्यांच्या संगमरवरात त्या मिरीचा पैसा आहे, हे डोक्यात ठेवून पाहिले की नुसत्या सुंदर भिंती बोलू लागतात. पूल अंतोनिओ दा पोंते याने 1588 ते 1591 या काळात बांधला आणि तो एकाच कमानीवर उभा आहे. वाड्यांचे दर्शनी दार पाण्याकडे आहे आणि बोळाकडचे दार मागचे, म्हणूनच हे शहर पायी पाहण्याआधी एकदा पाण्यावरून पाहावे लागते. भरती-ओहोटीच्या रेषेपर्यंत पायऱ्यांवर हिरवे शेवाळ चढलेले असते, तेही पाहावे. शेवटी उजवीकडे सालूते या चर्चचा घुमट येतो. 1630च्या प्लेगमधून सुटका व्हावी म्हणून शहराने बोललेला हा नवस आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत सान मार्कोच्या चौकात असावे. त्या वेळी तेथे झाडूवाले, एखाददुसरा धावणारा माणूस आणि कबुतरे इतकेच असते. चौकातला उंच मनोरा 14 जुलै 1902 रोजी कोसळला आणि 1912 मध्ये जसाच्या तसा पुन्हा उभारला गेला. दोन खांबांपाशी पाण्याकडे तोंड करून उभे राहिले की उजव्या हाताला ग्रंथालय आणि त्याला लागून जाड दगडांची त्सेक्का, म्हणजे टांकसाळ, दिसते. मराठी माणसाने येथे दोन मिनिटे अधिक थांबावे. 1284 मध्ये सुरू झालेले दुकात हे सोन्याचे नाणे व्हेनिसने पाचशे वर्षे त्याच वजनाचे आणि त्याच कसाचे पाडले आणि मसाल्यांच्या बदल्यात ते आपल्या किनाऱ्यावर आले. त्यावर संत मार्कच्या पुढे गुडघे टेकलेला डोज, म्हणजे प्रजासत्ताकाचा प्रमुख, कोरलेला असे. या आकृतींवरून आपल्याकडे त्याला पुतळी म्हणू लागले आणि पुतळ्यांच्या माळेचे नाव तेथूनच आले. 1665 मध्ये मिर्झाराजे जयसिंहांच्या छावणीत शिवाजी महाराजांना भेटलेला प्रवासी निकोलाओ मनुची हाही याच शहरात जन्मलेला.

डोजच्या राजवाड्याचे सकाळच्या पहिल्या वेळेचे तिकीट आधीच काढून ठेवावे. महासभेचे दालन सर्वांत शेवटी घाईत न पाहता तेथे निवांत बसावे. एका भिंतीवर तिंतोरेत्तोचे स्वर्गाचे अवाढव्य चित्र आहे, आणि छताखालच्या डोजांच्या चित्रमालिकेत एका ठिकाणी चेहऱ्याऐवजी काळा पडदा रंगवलेला आहे. सत्ता एकहाती घेऊ पाहणाऱ्या मारिनो फालिएरोचा 1355 मध्ये शिरच्छेद झाला, त्याची ती जागा. शेजारच्या बॅसिलिकेत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत आणि मोठी पिशवी बरोबर नसावी. वेळ थोडा असेल तरी वरच्या संग्रहालयाचे वेगळे तिकीट घ्यावे, कारण सोनेरी मोझाइक तेथून जवळून दिसतात आणि 1204 मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून लुटून आणलेले चार अस्सल घोडे तेथेच आहेत. बाहेर सज्जावर दिसतात त्या प्रतिकृती.

अकराच्या सुमारास चौक भरू लागला की तेथून निघावे आणि पुलापलीकडच्या सान पोलो पेठेत जावे. फ्रारीच्या चर्चमध्ये तित्सिआनोचे 1518चे मरियमच्या स्वर्गारोहणाचे चित्र त्याच वेदीवर आहे जिच्यासाठी ते रंगवले गेले. त्यामागेच सान रोक्कोचे सभागृह आहे, जेथे तिंतोरेत्तोने वीस वर्षांहून अधिक काळ भिंती आणि छत रंगवले. छत पाहण्यासाठी तेथे हातात धरायचे आरसे ठेवलेले असतात; मान वर करून दमण्यापेक्षा आरसा आडवा धरून सावकाश फिरावे. संग्रहालये आणखी पुष्कळ आहेत, परंतु दोन दिवसांत एवढी चित्रे पुरेत.

या भागात चालताना प्रत्येक चौकाच्या मध्यभागी दगडी विहिरीचे तोंड दिसेल. चहूबाजूंना खारे पाणी असलेल्या या गावात गोडे पाणी पावसाचेच होते. चौकाखाली चिकणमातीने लिंपलेला मोठा खड्डा करून त्यात वाळू भरत, फरसबंदीतल्या भोकांतून पाऊस वाळूत झिरपे आणि गाळलेले पाणी मधल्या विहिरीत जमा होई. 1884 मध्ये नळ आला आणि विहिरींवर झाकणे बसली. पण कठड्याच्या आतल्या कडेवरून बोट फिरवून पाहावे: आपल्याकडच्या जुन्या आडांवर असतात तशाच दोरांनी घासून पडलेल्या गुळगुळीत खाचा तेथे लागतात. शेजारी नळाचे पाणी वाहत असेल तर ते पिण्याजोगे असते. बाटली बरोबर ठेवावी.

जेवणाचे थोडे नियोजन करावे लागते. बाकारो म्हणजे उभ्याउभ्या खाण्याची लहान दुकाने, आणि तेथे मिळणारे चिकेत्ती म्हणजे पावाच्या चकतीवर काही ना काही ठेवलेले घास. मासे खाणाऱ्यांनी घोटलेल्या सुक्या कॉड माशाचे बाक्काला आणि कांदा-व्हिनेगरात मुरवलेले सार्डीन जरूर चाखावेत. शाकाहारी मंडळींनी आर्टिचोकच्या उकडलेल्या चकत्या, पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाचा घाटा, आणि अंड्याचे चालत असल्यास अंडे-शतावरीचे त्रामेत्सीनो, म्हणजे सँडविच, शोधावे. ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, हे दोन्ही सांगावे. नुसते मांस नको म्हटले तर मासा ताटात येऊ शकतो. टेबलाशी बसले की माणशी वेगळा आकार लागतो, आणि सान मार्कोच्या चौकातल्या वाद्यवृंदवाल्या उपाहारगृहांत संगीताचाही आकार बिलात असतो. त्या चौकातील पायऱ्यांवर बसून डबा उघडल्यास दंड होतो.

तिसऱ्या प्रहरी, राजवाड्याजवळच्या सान झाकारीआ धक्क्यावरून 2 क्रमांकाच्या बोटीने एकच थांबा पुढे सान जोर्जो माज्जोरेच्या बेटावर जावे. पाल्लादिओने रचलेल्या या चर्चच्या मनोऱ्यावर लिफ्टने जाता येते आणि सान मार्कोच्या मनोऱ्यापेक्षा येथून पाहणे मला अधिक पटते, कारण येथून सान मार्को स्वतः दिसतो, आणि रांगही लहान असते. परतीत दोर्सोदूरोच्या दक्षिण काठावर, झात्तेरेला, उतरून सान त्रोवाझोच्या गोंडोला बांधणीच्या लाकडी शेडसमोर कालव्याच्या अलीकडच्या काठावर उभे राहावे. आत प्रवेश नसतो, पण काठावर उपड्या ठेवलेल्या नावांवरून घडण कळते. जवळजवळ 11 मीटर लांबीच्या गोंडोलाची डावी बाजू उजवीपेक्षा 24 सेंटीमीटर रुंद असते, कारण एकच नावाडी मागे उभा राहून फक्त उजवीकडे वल्हे मारतो आणि नाव सरळ असती तर ती गोल फिरत राहिली असती. वल्हे ज्या वळणदार अक्रोडी खुंटीवर टेकवतात ती फोर्कोला. तिची प्रत्येक खाच वेगळ्या चालीसाठी असते.

गोंडोलात बसायचेच असेल तर दर ठरलेला आहे: दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो, रात्री अधिक, आणि तो माणशी नसून नावेमागे असतो, पाच जणांपर्यंत बसता येते. बसण्यापूर्वी वेळ आणि वाट बोलून घ्यावी आणि सान मार्कोच्या वर्दळीत न चढता आतल्या शांत कालव्यावरून निघावे. मात्र तेवढे पैसे न खर्चता गोंडोलात बसण्याची सोय शेवटच्या सकाळी आहे.

त्या सकाळी सान्ता सोफियाच्या धक्क्यावरून त्राघेत्तो घ्यावी. ही मोठ्या कालव्याच्या आरपार नेणारी साधी गोंडोला असून दोन युरोंत पलीकडच्या मासळीबाजारात पोहोचवते. रविवार आणि सोमवारी मासळीबाजार बंद असतो, त्यामुळे मुक्कामाचे वार पाहूनच तिकिटे काढावीत. बाजारात खाडीतले बारीक खेकडे, माकूळ आणि चिंबोऱ्यांच्या टोपल्या पाहताना कोकणातल्या माणसाचा पाय निघत नाही. किती लांबीपेक्षा लहान मासा विकू नये हे सांगणारी जुनी दगडी पाटीही शोधावी. तशीच एक सान्ता मार्गेरिताच्या चौकात आहे.

ऑक्टोबर ते जानेवारीत जाणाऱ्यांनी भरतीचा अंदाज रोज सकाळी पाहावा. समुद्राच्या मुखाशी बसवलेले हलते दरवाजे 3 ऑक्टोबर 2020 रोजी प्रथम उचलले गेले आणि तेव्हापासून मोठी भरती बाहेरच थोपवली जाते, परंतु लहान भरतीला सान मार्कोचा सखल चौक ओला होऊ शकतो. गुडघाभर बूट विकत घेण्याची गरज नाही. लाकडी फळ्यांचे मार्ग मांडलेले असतात.

मुरानो आणि बुरानो ही बेटे या आखणीत मी मुद्दाम धरलेली नाहीत. बुरानोला फोंदामेन्ते नोव्हेच्या धक्क्यावरून बोटीने जाण्यातच पाऊण तास जातो आणि परतीला तेवढाच. तिसरी रात्र असेल तर जावे. बाजारातून निघाल्यावर उरलेला वेळ कान्नारेजोतल्या गेत्तोला द्यावा. 1516 मध्ये शहराने ज्यूंना येथे राहायला लावले आणि रात्री वेशी बंद करायला सुरुवात केली. जगभर पसरलेला घेट्टो हा शब्द या जागेच्या नावावरून आला. वस्ती वाढली पण जागा वाढू दिली नाही, म्हणून येथील घरे सात-आठ मजली आहेत आणि मजल्यांची उंची इतकी कमी की खिडक्यांच्या ओळी एकमेकींवर दाटीने बसलेल्या दिसतात. चौकात उभे राहून त्या मोजाव्यात. तेथून रेल्वे स्थानक पायी दहा मिनिटांवर आहे. विमानतळावर जायचे असल्यास स्थानकाजवळचा पूल ओलांडून पियात्साले रोमाला जावे, कारण तेथून बस वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचवते, तर पाण्यावरून जाणाऱ्या बोटीला तासाहून अधिक लागतो.