सुई न टोचता प्रकाशाने रक्तातील साखर मोजण्याचा प्रयोग कसा करावा

शरीरातून प्रकाश पाठवून साखरेचा अंदाज सांगणारे छोटे उपकरण जुळवायला फारसे कौशल्य लागत नाही, आणि त्यावर एखादा आकडा उमटवणे तर त्याहूनही सोपे असते. सगळी मेहनत पुढे आहे. तो आकडा त्वचेच्या तापमानामुळे, बोटावरच्या दाबामुळे किंवा दिव्याच्या तेजात हळूहळू पडलेल्या फरकामुळे आलेला नसून ग्लुकोजमुळेच आला आहे, हे प्रयोग करणाऱ्याला सिद्ध करावे लागते. पुढील कृती त्या सिद्धतेच्या दृष्टीने मांडली आहे. या प्रयोगातील आकड्यावरून इन्सुलिनची मात्रा किंवा कोणतेही औषध कधीही ठरवू नये. त्वचेला छेद न देता साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळे व अंगठ्या वापरू नयेत, अशी सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी दिली होती आणि अशा एकाही उपकरणाला तोवर मान्यता दिलेली नाही, हेही त्यात स्पष्ट केले होते.

प्रथम संकेत किती क्षीण आहे, हे समजून घ्यावे. रक्तात १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर साखर असते, तेव्हा तिची तीव्रता प्रतिलिटर सुमारे ५.५ मिलिमोल असते. पाण्याची तीव्रता मात्र सुमारे ५५ मोल, म्हणजे दहा हजार पट असते. एक मिलिमीटर जाडीच्या द्रवात साखर प्रति डेसिलिटर १८ मिलिग्रॅमने वाढली, तर निकट अवरक्त (तांबड्याच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशाच्या शोषणांकात, म्हणजे द्रवाने किती प्रकाश शोषला हे सांगणाऱ्या आकड्यात, होणारा फरक साधारणपणे एक लक्षांश एककाच्या घरात असतो. रक्तातील ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरला ६६० व ९४० नॅनोमीटर अशा दोनच तरंगलांबी पुरतात, कारण हिमोग्लोबिन मुळातच गडद रंगाचे असते. ग्लुकोज रंगहीन आहे. त्यामुळे ९४० नॅनोमीटरचा एक एलईडी आणि एक फोटोडायोड (प्रकाश टिपणारा घटक) जोडून साखर मोजण्याची जी विद्युत मंडले अनेक विद्यार्थी बनवतात, त्यांच्यात दिसणारा बदल जवळजवळ सर्वस्वी पाणी, हिमोग्लोबिन आणि प्रकाशाचे विकिरण यांचा असतो. या वाटेने जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्लुकोजच्या खुणा अधिक ठळक दिसतात त्या १५०० ते १८०० आणि २००० ते २५०० नॅनोमीटर या पट्ट्यांत. पाण्याचे तीव्र शोषण १४५० व १९४० नॅनोमीटरच्या आसपास असते आणि या दोन पट्ट्या त्या शिखरांपासून थोड्या बाजूला पडतात. सिलिकॉनचा फोटोडायोड सुमारे ११०० नॅनोमीटरच्या पुढे निरुपयोगी ठरतो, म्हणून इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा शोधक आणि हॅलोजन दिवा घ्यावा. एकाच तरंगलांबीवर भरवसा न ठेवता संपूर्ण पट्टीचा वर्णपट नोंदवणारा स्पेक्ट्रोमीटर मिळाला, तरच पुढच्या कामाला अर्थ आहे. पहिल्या पट्टीसाठी सुमारे ५ मिलिमीटर आणि दुसऱ्या पट्टीसाठी १ मिलिमीटर प्रकाशमार्गाची क्वार्ट्झची क्युव्हेट, म्हणजे द्रावण ठेवण्याची पारदर्शक कुपी, योग्य ठरते. प्लॅस्टिकचे स्वतःचे शोषण याच भागात येत असल्याने ते टाळावे.

माणसाकडे वळण्याआधी द्रावणांवर काम करावे. फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणात) ० ते ५०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मर्यादेतील निदान तीस द्रावणे तयार करावीत आणि ती रात्रभर तशीच ठेवावीत, कारण ताज्या द्रावणात ग्लुकोजच्या अल्फा व बीटा या दोन रूपांचे प्रमाण काही तास बदलत राहते. प्रत्येक द्रावणात युरिया आणि अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) हेही वेगवेगळ्या प्रमाणात मिसळावे, मात्र त्यांचे प्रमाण ग्लुकोजबरोबर वाढणार नाही याची काळजी घ्यावी. ग्लुकोज विरघळताना काही पाण्याची जागा घेते आणि त्यामुळे पाण्याचे शोषण घटते; इतर पदार्थ न मिसळल्यास उपकरण साखर ओळखायला शिकण्याऐवजी ही घटच मोजायला शिकते. मोजणीचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. द्रावणे चढत्या क्रमाने मोजली आणि त्याच वेळी दिवा तापत गेला, तर दिव्याचा बदल आणि साखरेचा बदल हातात हात घालून चालतात आणि आलेख फसवा पण अत्यंत देखणा येतो.

तापमानाकडे विशेष लक्ष द्यावे. तापमान बदलले की पाण्याची शोषणपट्टी सरकते आणि एका अंशाचा फरकही ग्लुकोजच्या संकेताला सहज झाकून टाकतो. क्युव्हेटचे तापमान ०.१ अंशाच्या आत स्थिर राखावे आणि दर काही मोजण्यांनंतर नुसत्या बफरचा वर्णपट पुन्हा घ्यावा.

त्यानंतरच त्वचेवर मोजणी करावी. या तरंगलांबींचा प्रकाश जाड बोटाच्या आरपार जवळजवळ पोहोचत नाही, म्हणून अंगठा व तर्जनी यांच्यामधील पातळ त्वचा अधिक सोयीची. चरबीचे शोषण १७३० व २३१० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे ग्लुकोजच्याच शेजारी असल्याने चरबीयुक्त जागा टाळावी. दाब, जागा व त्वचेचे तापमान दर वेळी सारखे ठेवावे. हॅलोजनच्या उष्णतेने त्वचा भाजणार नाही हे पाहावे, आणि अवरक्त लेझर वापरत असल्यास तो दिसत नसल्यामुळे डोळ्यांना संरक्षण अवश्य द्यावे. संदर्भासाठी त्याच क्षणी ग्लुकोमीटरने मोजावे; मात्र त्वचेतील प्रकाश मुख्यतः पेशींभोवतीच्या द्रवातून जातो आणि तेथील साखर रक्तातील साखरेच्या काही मिनिटे मागे असते, हे हिशेबात धरावे.

पडताळणीत कठोर असावे. निरोगी माणसाची साखर ८५ ते १२० मिलिग्रॅमच्या दरम्यान फिरत असेल, तर सतत ‘१००’ दाखवणारा कागदाचा तुकडाही २० टक्क्यांच्या आत अचूक ठरतो. म्हणून आपल्या उपकरणाची तुलना अशा स्थिर अंदाजाशी आधी करावी. बोट टोचून मोजणाऱ्या ग्लुकोमीटरसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे १५१९७ क्रमांकाचे २०१३ मधील मानक असे सांगते की ९५ टक्के मोजण्या, साखर १०० पेक्षा कमी असताना १५ मिलिग्रॅमच्या आणि १०० किंवा अधिक असताना १५ टक्क्यांच्या आत याव्यात. कॅलिब्रेशन (ज्ञात साखरेशी उपकरणाचे आकडे जुळवणे) एका दिवशीच्या मोजण्यांवर आणि परीक्षा दुसऱ्या दिवशीच्या मोजण्यांवर घ्यावी. एकाच दिवसाच्या मोजण्या दोन्हीकडे वाटल्यास परीक्षेला काहीच अर्थ उरत नाही.

शेवटची परीक्षा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वैद्यकीय देखरेखीखाली एखाद्या निरोगी व्यक्तीला एके दिवशी ७५ ग्रॅम ग्लुकोजचे पाणी आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच साधे पाणी द्यावे, आणि दोन्ही दिवशी तितकाच वेळ तशीच बसवून मोजणी करावी. साध्या पाण्याच्या दिवशीही उपकरणाने साखर चढून उतरल्याचे दाखवले, तर ते ग्लुकोज मोजत नाही, आणि काम पुन्हा क्युव्हेटपासून सुरू करावे लागेल.