पेप्टाइडची जेल: लिंबू नको, विरजण हवं

दुधात लिंबू पिळलं की दूध फाटतं, विरजण लावलं की दही लागतं. दोन्हीकडे आम्लच काम करतं, दुधातलं प्रथिन केसीनही तेच. फरक वेळेचा. प्रयोगशाळेत नवीन कुणी पेप्टाइडची, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीची, जेल शिकायला आलं की मी इथूनच सुरुवात करते. माझे स्वतःचे पहिले तीन आठवडे हे न समजल्यामुळे गेले.

आपलं पेप्टाइड अगदी छोटं आहे: एफमॉक-डायफिनाइलअॅलनिन. फिनाइलअॅलनिन या अमिनो आम्लाची जोडी आणि तिच्या टोकाला एफमॉक नावाचा कड्यांचा रासायनिक गट. हीच जोडी अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या बीटा-अमायलॉइडमध्ये १९ आणि २० क्रमांकाच्या जागी असते. तेल अवीव विद्यापीठात मेताल रेखेस आणि एहुद गाझित यांनी २००३ मध्ये दाखवलं की नुसती ही जोडीसुद्धा पाण्यात आपोआप नळ्या बांधते. त्या नळ्यांचा साचा करून त्यांनी चांदीच्या नॅनोतारा घडवल्या. मला अजूनही याचं नवल वाटतं.

बाटली फ्रीजरमधून काढलीत की लगेच उघडू नका. आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर बाष्प आत शिरून पावडर ओलावते आणि वजन चुकतं. बटर पेपरवर वजन करू नका, पावडर हलकी असते आणि चिकटून राहते. काचेची कुपीच तराजूवर ठेवून तीत थेट ५ मिलिग्रॅम घ्या.

त्यावर साधारण ९०० मायक्रोलिटर शुद्ध पाणी घाला. पावडर वर तरंगेल, घाबरू नका. आता ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ९४ मायक्रोलिटर, तीन-चार हप्त्यांत. हा आकडा हिशेबाचा आहे: पेप्टाइडचा रेणुभार ५३४.६, म्हणजे ५ मिलिग्रॅमला बरोबर एक सममूल्य (पेप्टाइडच्या एका रेणूमागे एक) अल्कली. जास्त घालायचा मोह होतो, कारण विरघळायला वेळ लागतो. पण जादा अल्कलीत एफमॉकच तुटून जातो, मग जेल कशाची होणार? जोरात हलवलं तर साबणासारखा फेस येतो. चुंबकी ढवळणीवर सावकाश फिरू द्या, गुठळी उरता कामा नये.

आता आम्ल. मी पूर्वी इथे हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने सोडायचे. थेंब पडेल तिथे लगेच पांढरा धागा उमटायचा, बाकीचं द्रावण पातळच राहायचं. हलवलं की गुठळ्या आणि पाणी वेगळं. अल्कलीत रेणूंवर ऋण भार असतो, ते एकमेकांना दूर ढकलतात. आम्लाने तो भार गेला की एफमॉकची आणि फिनाइलची कडी एकमेकांवर रचली जातात, हायड्रोजन बंध जुळतात आणि तंतू वाढतात. थेंबापाशी हे क्षणात घडतं आणि बाकी कुपीला पत्ताच नसतो.

म्हणून विरजण: ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन. टोफू बनवताना वापरतात तेच. ते पाण्यात चटकन विरघळतं, पण त्याचं ग्लुकोनिक आम्ल हळूहळू होतं, त्यामुळे पीएच सगळीकडे एकसारखा उतरतो. ५ मिलिग्रॅम कोरडं लॅक्टोन दुसऱ्या कुपीत ठेवा, द्रावण त्यावर ओता, एकदाच अलगद फिरवा आणि रात्रभर २५ अंशांवर ठेवून द्या. मध्येच उचलून बघू नका. दही लागताना भांडं हलवलं तर काय होतं ते घरात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पीएच बघायचाच असेल तर त्यासाठी एक जादा कुपी लावा.

सकाळी कुपी उलटी करा. जेल तळाला धरून राहिली पाहिजे. अर्धा टक्का पेप्टाइड, बाकी जवळजवळ सगळं पाणी, तरी थेंब गळत नाही. पण नुसत्या उलट्या कुपीवर विसंबू नका. रिओमीटर या घट्टपणा मोजणाऱ्या यंत्रावर साठवण गुणांक (लवचीकपणाचं माप) हा क्षय गुणांकाच्या (वाहतेपणाच्या मापाच्या) बराच वर असेल तरच मी जेल म्हणते.

डीएमएसओ या सेंद्रिय द्रावकात पेप्टाइडचं दाट द्रावण करून ते पाण्यात ओतायची पद्धतही आहे. काही मिनिटांत जेल होते, पण डीएमएसओ आत राहतो.

पेशी वाढवायच्या असतील तर अजून एक काम उरतं. आपली जेल आंबट आहे. तिच्यावर फिनॉल रेड (आम्लता दाखवणारा रंग) असलेलं पोषक माध्यम अलगद सोडा. आतलं आम्ल झिरपून येतं तसं ते लालसर गुलाबीचं पिवळं पडतं. काढा, नवीन घाला. गुलाबी रंग टिकून राहिला की मगच पेशी सोडा.