बराच काळ न वाजवलेली गिटार पुन्हा हाताशी आणताना

पलंगाखाली किंवा माळ्यावर दोन-तीन वर्षे पडून राहिलेली गिटार बाहेर काढून वाजवायला घेतली की बहुतेकांना पहिल्या काही मिनिटांतच ती परकी वाटू लागते. तारा उंच भासतात, नेक, म्हणजे गिटारचा लांब दांडा, हाताला चिकट लागतो आणि पूर्वी सहज बसणारा एफ कॉर्ड अर्धा मुका उमटतो. ही जाणीव खरी असते, परंतु तिचे कारण एकच नसते. तेवढ्या काळात लाकूड, तारा आणि वाजवणाऱ्याचा हात हे तिन्ही आपापल्या परीने बदललेले असतात आणि त्यांचा एकत्रित परिणाम बोटांना जाणवतो. म्हणून स्क्रूड्रायव्हर किंवा कानस हातात घेण्याआधी कोणता दोष कुठला, हे वेगळे करून पाहावे. पुण्यात राहणाऱ्याने त्याबरोबर आणखी एका गोष्टीची नोंद घ्यायला हवी, ती म्हणजे गिटार कोणत्या महिन्यात बाहेर काढली.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांची दारे आषाढात चौकटीत अडकतात आणि थंडी सरता सरता मोकळी होतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. गिटारच्या लाकडाचेही नेमके हेच होते. लाकूड हवेतली ओल शोषून रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि कोरड्या हवेत त्याच दिशेने आकसते. लांबीत मात्र फारसा फरक पडत नाही. ॲकूस्टिक गिटारची वरची फळी, सतारवाल्यांच्या भाषेत तबली, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची असल्यामुळे हा बदल तिच्यात लवकर दिसतो. गिटारला ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्या पुढे जाते आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी ३० टक्क्यांच्याही खाली उतरते. पावसाळ्यात तबली फुगून वर येते, तिच्यावर चिकटवलेला ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची पट्टी, उचलला जातो आणि फ्रेटबोर्डपासून (नेकवरच्या बोटे टेकवायच्या फळीपासून) तारांची उंची, म्हणजे ॲक्शन, वाढते. उन्हाळ्यात याच्या उलट घडते. तबली खाली बसते, तारा फ्रेटवर, म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, घासून झरझरतात आणि फ्रेटबोर्ड आकसल्यामुळे, पण धातू न आकसल्यामुळे, फ्रेटची टोके नेकच्या कडेला बोटांना टोचू लागतात. तंबोऱ्यात जवारी मुद्दाम काढावी लागते. गिटारमध्ये तसाच झरझराट आला तर तो दोष असतो, आणि पुष्कळदा तो ऋतूचा दोष असतो.

हे मी एका चुकीतून शिकलो. तीन वर्षे बंद राहिलेली माझी गिटार मी ऑगस्टमध्ये उघडली, ॲक्शन असह्य वाटली म्हणून त्याच आठवड्यात एका कारागिराकडून सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकणारी हाडाची पट्टी, घासून घेतले आणि समाधानाने वाजवू लागलो. मार्चमध्ये तबली खाली बसली आणि पहिल्या पाच फ्रेटवर एकही सूर स्वच्छ निघेना. बाराव्या फ्रेटवरची उंची अर्ध्या मिलिमीटरने कमी करायची तर सॅडल सुमारे एक मिलिमीटर घासावे लागते, आणि घासलेले हाड परत येत नाही; शेवटी नवे सॅडल करून घ्यावे लागले. म्हणूनच माझा आग्रह असा आहे की जे काम उलटवता येत नाही, ते पहिल्या महिन्यात करूच नये.

सुरुवातीला गिटार केसमधून काढून दोन-तीन दिवस खोलीत नुसती ठेवावी. पंख्याच्या झोतात, खिडकीजवळच्या उन्हात किंवा पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवून ती ठेवू नये. याच काळात एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक आणून त्याची परीक्षा करून घ्यावी. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घालावे आणि ते झाकण व मापक एका हवाबंद पिशवीत दहा-बारा तास ठेवावेत. अशा पिशवीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते, त्यामुळे मापक जितका आकडा कमी-जास्त दाखवेल तितकी त्याची चूक समजावी.

त्यानंतर तारा ताणण्याआधी गिटारचा सांगाडा शाबूत आहे का, ते तपासावे. ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून पाहावा. तो आत शिरला तर सरस सुटू लागलेला आहे, अशा वेळी तारा सैल करून गिटार थेट कारागिराकडे न्यावी. तबलीवर आणि पाठीवर बोटाच्या पेराने हलके ठोकत जावे. एखाद्या जागी फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर आतली आधारपट्टी सुटलेली असू शकते. तबलीवर रेषेच्या दिशेने बारीक चीर दिसली तर तीही तारा चढवण्याआधी कारागिराला दाखवावी. साउंडहोलमधून टॉर्च टाकून आत पाहावे. पांढरी बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर कोरड्या मऊ ब्रशने ती मोकळ्या हवेत झाडून काढावी आणि केसचे अस्तर स्वतंत्रपणे उन्हात वाळवावे. इलेक्ट्रो-ॲकूस्टिक गिटार असेल तर प्रीॲम्पमधली ९ व्होल्टची बॅटरी फुटून पाझरली तर नाही ना, हेही याच वेळी पाहावे.

आता तारांकडे वळू. हाताला जाणवणाऱ्या फरकाचा सर्वांत मोठा वाटा, माझ्या मते, तारांचाच असतो. बोटांवरच्या घामातले क्षार तारांवर तसेच राहतात, पहिल्या दोन साध्या पोलादी तारा गंजून खरखरीत होतात, आणि गुंडाळीच्या तारांच्या वेटोळ्यांत मळ साचल्यामुळे त्यांचे वजन सर्वत्र सारखे राहत नाही. अशी तार मोकळी सुरात लागली तरी बाराव्या फ्रेटवर बेसूर बोलते. म्हणून जुन्या तारांवरून गिटारविषयी कोणतेही मत बनवू नये. गिटार न वाजवल्याने तिचा आवाज बसतो का, या आवडीच्या वादातही नव्या तारा चढवल्याशिवाय पडू नये. जुन्या तारा ताणलेल्या असतानाच कापू नयेत, आधी सैल कराव्यात. ॲकूस्टिकला फॉस्फर ब्राँझच्या १२ ते ५३ गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचे माप) तारांचा एकूण ताण सुमारे ७० किलो असतो, तर नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारला तो साधारण ४० किलोच असतो. त्यामुळे क्लासिकल गिटारवर चुकूनही पोलादी तारा चढवू नयेत. बोटे मऊ पडलेली असतील तर १० गेजचा संच घ्यायला हरकत नाही, मात्र त्याने ताण साधारण दहा किलोंनी घटतो आणि नेक थोडा सरळ होतो, हे पुढच्या मोजमापात लक्षात ठेवावे.

तारा काढलेल्याच आहेत तर सफाई करून घ्यावी. फ्रेट ज्या मिश्रधातूच्या असतात त्याला निकेल सिल्व्हर म्हणतात, पण त्यात चांदी नसते. तांबे, निकेल आणि जस्त असते, आणि तांब्यामुळेच त्या पडून काळवंडतात. अशा फ्रेटवर तार ओढताना वाळूवर घासल्यासारखे वाटते. फ्रेटच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून ०००० क्रमांकाच्या स्टील वूलने त्या हलक्या हाताने उजळाव्यात. इलेक्ट्रिक गिटार असेल तर पिकअप आधी पूर्ण झाकावेत, नाहीतर त्यांचे चुंबक लोखंडी कण ओढून घेते. रोजवुड किंवा एबनीचा फ्रेटबोर्ड कोरडा पडून फिकट दिसत असेल तर फ्रेटबोर्डसाठी मिळणाऱ्या लेमन ऑइलचे दोन-चार थेंब पुरतात. लॅकर लावलेल्या मेपलला तेल लावू नये. नेकच्या पाठीवरचा चिकटपणा बहुधा जुना घाम आणि धूळ यांचा असतो; घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे केल्यास तो निघतो. उघड्या दात्यांच्या खुंट्या जड फिरत असतील तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्यावा. सूर लावताना तार नटच्या, म्हणजे नेकच्या खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकणाऱ्या पट्टीच्या, खाचेत अडकून ‘टक्’ आवाज करत असेल तर खाचेत पेन्सिलीचे शिसे घासावे.

नव्या तारा एकदम सुरात ओढू नयेत. पहिल्या दिवशी एक स्वर खाली, दुसऱ्या दिवशी अर्धा स्वर खाली आणि तिसऱ्या दिवशी पूर्ण सुरात, असे केल्याने नेकला ताण सवयीचा होतो. तारा पूर्ण सैल करून ठेवलेल्या गिटारमध्ये ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली बाक सांभाळणारी धातूची सळई, नेकला मागे वाकवून ठेवतो आणि पहिल्या फ्रेटवर झरझराट येतो. ताण परत आल्यावर तो पुष्कळदा आपोआप जातो. त्यामुळे नेकचे माप तिसऱ्या दिवसानंतरच घ्यावे.

हे माप असे घ्यावे. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सर्व तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावावा, नेक जिथे अंगाला मिळतो त्या, म्हणजे साधारण चौदाव्या, फ्रेटवर सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार दाबावी आणि सातव्या फ्रेटवर तारेखाली किती फट उरते ते पाहावे. झेरॉक्सच्या साध्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. अशा कागदाचे दोन थर तार न उचलता जेमतेम सरकले तर नेकचा बाक योग्य समजावा. फट यापेक्षा बरीच जास्त असेल तर ट्रस रॉड एलन कीने घड्याळाच्या दिशेने फिरवावा, फट मुळीच नसेल तर उलट दिशेने. मात्र एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवावा, पुन्हा सूर लावावा आणि एक दिवस थांबून परत मोजावे. रॉड अडला तर जोर लावू नये. इथे थांबून जाणत्या कारागिराकडे जाणे स्वस्त पडते.

यानंतरही गिटार जड वाटत असेल तर दोष कुठे आहे, हे कॅपोच सांगतो. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून तेच कॉर्ड वाजवावेत. ते एकदम सोपे झाले तर नटच्या खाचा उंच आहेत. खाली सोपे आणि वर सातव्या फ्रेटनंतर अवघड वाटले तर सॅडल, नेकचा कोन किंवा फुगलेली तबली कारणीभूत आहे. पोलादी तारांच्या गिटारला बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली सुमारे २.४ आणि पहिल्या तारेखाली १.८ मिलिमीटर ही उंची सर्वसाधारणपणे आरामदायी असते. आणि मित्राची रोज वाजणारी गिटारही तितकीच अवघड वाटली, तर बदल हातात झालेला आहे. बोटांच्या टोकांवरचे घट्टे काही आठवड्यांत जातात, ते परत यायला तीन-चार आठवडे लागतात. दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटे वाजवावे, आंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यानंतर त्वचा मऊ असताना अर्धा तास थांबावे आणि मनगट दुखू लागले तर एका बोटाने अनेक तारा दाबायचे बार कॉर्ड त्या दिवसापुरते सोडून द्यावेत.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये लाकडाचा हा खेळ कमी असतो, कारण अंग भरीव असते. तिथे व्हॉल्यूमचे बटण फिरवताना येणारी खरखर हा पडून राहण्याचा मुख्य परिणाम असतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत कॉन्टॅक्ट क्लीनरची चौकशी करावी. त्याचा एक फवारा बटणाच्या आतल्या भागात मारून ते वीस-पंचवीस वेळा फिरवले की बहुधा काम होते.

पुढची निगा ऋतूप्रमाणे ठेवावी. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि रंग बदलला की त्या तापवून पुन्हा वापराव्यात. होळीनंतर भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला पण न ठिबकणारा स्पंज घालून ती डबी केसमध्ये ठेवावी; टोचणारी फ्रेटची टोके यानेच अनेकदा मागे सरतात, म्हणून ती कानशीने घासण्याआधी दोन आठवडे वाट पाहावी. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीत गिटार ठेवू नये, कारण त्या उष्णतेत ब्रिजखालचा सरस मऊ पडतो.

केसमध्ये एक छोटी वही ठेवून तीत तारीख, आर्द्रता, सातव्या फ्रेटवरची फट आणि बाराव्या फ्रेटवरच्या दोन उंची लिहाव्यात. एक नोंद चैत्रात आणि एक भाद्रपदात झाली की दोन्ही शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्हींत ॲक्शन उंचच असेल तर सॅडल निश्चिंतपणे घासून घ्यावे; ती नुसती भाद्रपदात उंच असेल तर पावसाळ्यासाठी थोडे कमी उंचीचे दुसरे सॅडल करून घ्यावे आणि मूळचे जपून त्याच केसमध्ये ठेवावे.